भोंग्यावरचं गाऱ्हाणं

बाबली खोबरेकराला देवाशी बोलता येत असे. दुसरं काही येत नसे.

बापाने ठेवलेली होडी त्याने विकून टाकली, कारण होडीवर पहाटे जावं लागतं. किनाऱ्यावर रापण ओढायला माणसं कमी पडली की त्याला हाक मारत; पण जाळ्याच्या दोराला हात लागला की त्याच्या कमरेत चमक भरे, आणि मासळीचे वाटे घालायची वेळ आली की ती आपोआप निघून जाई. माडावर तो चढत नसे, खाली पाहिलं की चक्कर येते म्हणून. आणि माडाखाली उभाही राहत नसे, वर पाहिलं की भीती वाटते म्हणून. मालवणासारख्या गावात, जिथे एका बाजूला दर्या आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना माड, अशा माणसाने पोट कसं भरावं हा प्रश्नच होता. तो त्याची बायको मथुरा हिने सोडवला होता. ती जत्रेत खाजं विके. बेसनाच्या काड्या तळायच्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या आणि डोक्यावर हारा घेऊन गावोगावच्या जत्रा गाठायच्या, असा तिचा वर्षभराचा क्रम. बाबली तिला मदत करी. म्हणजे खाजं नीट जमलं की नाही हे तो खाऊन सांगे.

पण सण आला, पाटावर नारळ ठेवला, की बंदराजवळचा आमचा सगळा मधलावाडा बाबलीच्या तोंडाकडे बघत उभा राही. गाऱ्हाणं घालायचं ते बाबलीनेच.

आमच्याकडे देवाजवळ मनातल्या मनात मागायची पद्धत नाही. देवाला जरा कमी ऐकू येतं, अशी आमची समजूत असावी. एक माणूस पुढे होतो, सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने हकिकत सांगतो, मागणं मागतो, आणि त्याचं वाक्य संपलं की बाकीचे ओरडतात, "व्हय म्हाराजा." एकदा व्हय म्हटलं की ते देवासमोर ठरलं. मागाहून कोणी, मी नीट ऐकलं नव्हतं, अशी सबब सांगितली तर ती चालत नाही. नीट कोणीच ऐकत नाही, हा भाग वेगळा. बोलणारा थांबला की ऐकणाऱ्यांची तोंडं उघडतात; बटण दाबलं की दिवा लागतो तसं. दिवा काही बटणाला कारण विचारत नाही.

बाबली या बाबतीत देवादेवांत फरक करत नसे. आमच्या वाड्यात गाबीत, भंडारी, वाणी, चार घरं ख्रिस्तांवांची आणि टोकाला इब्राहिमशेटचं घर. इब्राहिमशेटने उतारू नेणारी सर्व्हिस मोटार घेतली तेव्हा बॉनेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणं बाबलीनेच घातलं. पेद्रू फर्नांडिस हा होड्या बांधणारा सुतार. त्याची नवी होडी पाण्यात ढकलायची असली की सकाळी पाद्रीबाब येऊन पाणी शिंपडून जात आणि दुपारी बाबली येऊन गाऱ्हाणं घाली. पेद्रूचं म्हणणं असं की पाद्रीबाब लॅटिनमध्ये बोलतात आणि होडी तर मालवणी आहे.

गाऱ्हाण्यात बाबली सगळ्यांसाठी मागे. मुंबईला गेलेल्यांना बढती मागे, दर्यावर गेलेल्यांना घर मागे, मोटारीला टायर मागे. आणि मध्येच आपली दोन वाक्यं सोडून देई. "जो कोण शेजाऱ्याची कोंबडी आपली म्हणान घरात घेता, तेका तू बघून घे रे म्हाराजा." सगळे म्हणत, व्हय म्हाराजा. त्यात कोंबडी घेणाराही म्हणे. संध्याकाळपर्यंत कोंबडी घरी येई. कोर्टात जायला आमच्या लोकांना आवडतं, पण त्यासाठी वेळ लागतो. हे काम जागच्या जागी होई.

या वाक्यांपैकी एक बाबलीचं अगदी खासगी होतं. नारळी पुनवेला, दर्याला नारळ देताना, तो शेवटी आवाज उतरवून हळूच म्हणे, की माझ्या घरच्या मथुरेची जीभ जरा आखूड कर. मथुरेची जीभ वाड्यात प्रसिद्ध होती आणि तिच्या कामाचे तास ठरलेले नव्हते. नारळी पुनवेला बायका मागे उभ्या असत आणि मथुरा तर त्यांच्याही मागे, बंदरावरच्या आपल्या खाज्याच्या दुकानाशी. ते वाक्य पहिल्या रांगेपलीकडे जात नसे. तरी व्हय म्हाराजा मात्र शेवटच्या टोकापर्यंत होई, आणि त्यात मथुरेचा आवाज चांगला खणखणीत असे. बाबलीला त्या दिवशी जेवण गोड लागे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना बाबलीचा आवाज बसला. सर्दी नाही, पडसं नाही. गळ्यातून फक्त हवा जावी तसा सूर येई. ज्याच्याकडे होडी नाही, माड नाही, जमीन नाही, त्याच्याकडे एक नरडं होतं आणि तेही गेलं. हे कळलं असतं तर गाऱ्हाण्याला दुसरा माणूस उभा राहिला असता आणि बाबली नुसता मथुरेचा नवरा उरला असता. ते त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

त्याला वाचवलं पेद्रूने. गाऱ्हाण्याच्या वेळी पेद्रू बाबलीच्या खांद्याला खांदा लावून उभा राही. बाबली काहीतरी पुटपुटे, थांबे, आणि पेद्रू लाकूड फोडणाऱ्या आवाजात ओरडे, "व्हय म्हाराजा." तो ओरडला की पुढची रांग ओरडे, पुढची ओरडली की मागची. अशा रीतीने सगळा गाव काय मागितलं हे न ऐकता त्याला मान्यता देत होता. लोकशाही आमच्याकडे नवीनच आली होती, पण तिची तयारी पुष्कळ आधीपासून होती. आपला आवाज गेला हे फक्त आपल्याला आणि पेद्रूला ठाऊक आहे, असं बाबली समजून चालला होता.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात भाई पाटकर पेन्शन घेऊन मुंबईहून घरी आले. एका विमा कंपनीत ते हेडक्लार्क होते. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथे हाताखाली कोणी नाही. तेव्हा त्यांनी मधलावाडा सार्वजनिक उत्सव मंडळ स्थापन केलं, त्याची घटना लिहिली आणि घटनेप्रमाणे स्वतःला अध्यक्ष निवडून घेतलं. शाळेच्या व्हरांड्यात पहिली सभा झाली. भाईंनी सांगितलं की यंदा नारळी पौर्णिमेला मामलेदार पाहुणे म्हणून येणार आहेत. त्यांच्यापुढे कोंबडी, शेजारी, टायर असले विषय शोभणार नाहीत. तेव्हा शुद्ध मराठीत छापील प्रार्थना वाचण्यात येईल, आणि सर्वांना ऐकू जावी म्हणून सावंतवाडीहून ध्वनिक्षेपक मागवण्यात येईल.

ध्वनिक्षेपक म्हणजे भोंगा, हे समजायला सभेला थोडा वेळ लागला. समजल्यावर सगळे बाबलीकडे वळले.

त्या क्षणी बाबलीने मान डोलावली असती तर त्याचं भलं होतं. त्याच्या गळ्यावर मालवणात एकच औषध होतं आणि ते भाई भाड्याने आणत होते. पण भोंगा हवा म्हणायचं तर आवाज गेला हे कबूल करायला हवं. बाबली उठला, उपरणं झटकलं आणि म्हणाला, "माझ्या आवाजाक भोंगो नको." तो इतका घोगरा बोलला की सभेला वाटलं, रागाने गळा दाटला आहे. भाईंनी त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि निर्णय दिला, की बाबलीला भोंगा नको असेल तर हरकत नाही. भोंग्याला बाबलीची गरज नाही. प्रार्थना अध्यक्ष वाचतील.

तेव्हापासून नारळी पुनवेपर्यंत बाबली घरात बसून होता. तसा तो नेहमीच घरात बसलेला असे, पण या खेपेला ते त्याला जाणवत होतं. मथुरेने त्याला विचारलं, "आता काय करतलास तुमी? कोंबडे राखतलास?" एरवी त्याने दर्याकडे तक्रार नेली असती. आता तीही सोय उरली नव्हती.

नारळी पुनवेला भाईंनी वाटलेल्या हस्तपत्रकांमुळे बंदरावर नेहमीच्या दुप्पट माणूस लोटला. भोंगा कसा दिसतो हे बघायला शेजारच्या देवबागेची माणसंसुद्धा आली होती. माडांना तीन भोंगे बांधले होते. गोवा मोकळा झाला तेव्हाच्या मिरवणुकांत वाजून वाजून त्यातला एक जरा चिरकला होता, पण पैसे तिन्हींचेही द्यायचे होते म्हणून तिन्ही लावले. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं ते यंत्र, आणि त्याचा मालक असा गंभीर बसला होता जणू समोरचा समुद्रही तोच चालवतो आहे. होड्या नांगरून ठेवलेल्या. तांडेल मंडळी, म्हणजे होड्यांचे म्होरके, सोनेरी कागदाने मढवलेला नारळ घेऊन पाण्याच्या कडेला उभी. तो नारळ दर्याला दिला की पावसाळा संपला असं धरायचं आणि होड्या बाहेर काढायच्या.

बाबली येणार नव्हता. तो फक्त सोडा प्यायला म्हणून आला आणि सोडावाल्याच्या गाडीमागे, जिथून माइक नीट दिसतो तिथे, उभा राहिला.

भाई माइकपुढे गेले. कोट, टोपी, हातात छापील कागद. पेद्रू सवयीने त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. त्याला तिथून हटवावं असं घटनेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

"हे सागरदेवा," भाईंनी सुरुवात केली, "आम्ही सर्वजण अज्ञ आहोत." आणि श्वास घ्यायला थांबले.

"व्हय म्हाराजा," पेद्रू म्हणाला. बंदर म्हणालं.

भाई जरा दचकले, पण मामलेदारांकडे बघून हसले आणि पुढे वाचू लागले. मुंबईच्या सभांत बोलणारा आधी स्वतःला कमीपणा घेतो आणि मग 'तथापि' म्हणून मुद्द्यावर येतो. भाईंची प्रार्थना त्या वळणाने लिहिलेली होती. मंडळाने अल्पावधीत काही भरीव कार्य केलं आहे असं मी म्हणणार नाही, ते म्हणाले. व्हय म्हाराजा. वस्तुतः या अध्यक्षपदाला मी पात्र नाही, ते म्हणाले. व्हय म्हाराजा, आणि हे जरा जास्तच जोरात झालं. तथापि हा शब्द कागदावर तसाच राहिला. तिथवर भाईंना पोचताच आलं नाही. त्यांनी कागद खाली केला आणि माइकमध्ये बजावलं, "कृपया मध्ये कोणी बोलू नये."

"व्हय म्हाराजा."

मामलेदारांनी हातरुमाल काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले. पेद्रूच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याने हे मुद्दाम केलं की सवयीने, हे त्याला मी पुढे विचारून पाहिलं. तो म्हणाला, मागणं बरोबर वाटलं म्हणून होकार दिला.

भाईंनी कागदाची घडी घातली आणि तांडेलांना हात केला, की टाका नारळ. तांडेल जागचे हलले नाहीत. एकमेकांकडे बघत राहिले. गाऱ्हाणं झालंच नव्हतं. भाई म्हणाले, प्रार्थना झाली आहे, पौर्णिमा आहे, समुद्र समोर आहे, मग अडचण कसली? तेव्हा पेद्रूने त्यांना समजावून सांगितलं, "नारळ पडलो म्हणान काय झालां, भाई? पडता तर तो माडावरसूनय."

सूर्य खाली चालला होता. पाहुण्यांच्या देखत सगळं अडून बसलं. भाईंची नजर सोडावाल्याच्या गाडीमागून डोकावणाऱ्या उपरण्यावर गेली. हरलेला हेडक्लार्क होता तो. शेवटचा शेरा मारल्याशिवाय फाईल सोडणार नव्हता. बाबली, ये, घाल तुझं गाऱ्हाणं, असं म्हणून त्यांनी यंत्राच्या मालकाला सांगितलं की याच्या आवाजाला भोंगा नको आहे, सभेत तशी नोंद आहे, तेव्हा यंत्र बंद करा.

गर्दीने बाबलीला वाट करून दिली. समोरून पश्चिमेचा वारा येत होता आणि पाठीमागे दुप्पट गाव. त्या वाऱ्यात त्याचं पुटपुटणं पेद्रूपर्यंतही पोचलं नसतं. जे इतके दिवस झाकलं ते आता, मामलेदारांपुढे, देवबागेच्या माणसांपुढे उघडं पडणार होतं. त्याची कंबर एकदम धरली, आणि या खेपेला खरोखरच धरली.

"यंत्र बंद कित्या करतास?" पेद्रू म्हणाला. "दिवसभराचां भाडां दिलां हा. बंद ठेवून काय तो कमी घेतलो?"

या युक्तिवादापुढे मालवणात देवाचंही काही चालत नाही. ज्याचे पैसे दिले ते वापरायचं, हे गर्दीला एका क्षणात पटलं. यंत्र चालू राहिलं. बाबली माइकसमोर उभा राहिला. माइक भाईंच्या उंचीला लावलेला, म्हणून त्याने हनुवटी वर केली.

"बा दर्या म्हाराजा."

तिन्ही माडांवरून आवाज आला. बाबलीने दचकून मागे पाहिलं. कोण बोललं ते त्याला कळेना. तो त्याचाच आवाज होता, पण तरुणपणीही इतका मोठा नव्हता. तो बंदरावरून निघाला, होड्यांवरून गेला, आणि तो पलीकडच्या किल्ल्याच्या तटापर्यंत पोचला अशी शपथ वाहायला आजही माणसं तयार आहेत. बाबलीने डोळ्यांना उपरणं लावलं. वाऱ्याने पाणी आलं, असं त्याने नंतर सांगितलं.

मग तो सुटला. होड्यांना मासळी मागितली, मुंबईकरांना खोली मागितली, इब्राहिमशेटच्या मोटारीला टायर आणि पेद्रूच्या गुडघ्याला बळ मागितलं. मामलेदारसाहेबांची लवकर चांगल्या गावी बदली होऊ दे, म्हणाला. भाईंनी आज तुझ्यासमोर खरं सांगितलं आहे, त्यांना सांभाळून घे, म्हणाला. प्रत्येक मागण्याला बंदर गरजत होतं, आणि आज पहिल्यांदाच आपण कशाला होकार देतो आहोत हे सगळ्यांना ऐकू येत होतं. गर्दीला त्याची मजा वाटत होती. बाबलीला तर त्याची झिंगच चढली. आणि झिंगेत तो नेहमीच्या जागी येऊन पोचला.

तिथे नेहमीप्रमाणे त्याने आवाज उतरवला. गोष्ट खासगी म्हणून तो माइकच्या अगदी जवळ सरकला. या यंत्राचा एक गुण आहे: त्याला कानगोष्ट कळत नाही. तोंड जितकं जवळ न्याल तितकं ते मोठ्याने बोलतं.

"आणि माझ्या घरच्या मथुरेची जीभ दोन बोटां आखूड कर रे म्हाराजा."

तिन्ही भोंग्यांनी हे सांगितलं. चिरकलेल्या भोंग्याने सगळ्यात स्पष्ट सांगितलं.

"व्हय म्हाराजा," बंदर म्हणालं. सवयच ती. खाज्याच्या दुकानाशी मथुराही म्हणाली, आणि मग तिचं तोंड उघडंच राहिलं.

पुढचा व्हय कोणी म्हटला नाही, कारण बाबलीला पुढचं वाक्यच सुचेना. मथुरेने खाज्यावर फडकं टाकलं, पदर खोचला आणि चालू लागली. बाबलीला वाट देताना गर्दीने जेवढी जागा केली होती त्याच्या दुप्पट तिला केली. ती माइकपाशी आली. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. माइक खाली करणं बाबलीला सुचलं नव्हतं. तिने तो दांड्यासकट वाकवला आणि दर्याकडे तोंड केलं.

"बा दर्या म्हाराजा, माझ्या जिभेचां माझां मी बघतंय. तू ह्यांच्या नरड्याक बघ. तीन वर्सां झाली, आवाज नाय. रोज रातीक हळद घालून दूध देतंय, तर म्हणतत खोकलो झालो. माका काय कळत नाय? ह्यो भोंगो तेवडो ह्यांच्याकडसून काढून घेव नको."

बाबली जमिनीकडे बघत होता. जे त्याने गावापासून लपवलं, पाहुण्यांपासून लपवलं, ते बायकोने तीन भोंग्यांवरून जाहीर केलं होतं. आणि वर देवाकडून त्याची सोयही मागून घेतली होती. गाव हसेल, याची तो वाट बघत होता. काही जण हसण्याच्या तयारीतही होते.

पण मथुरा थांबली होती, आणि पेद्रू तिच्या खांद्याशी उभा होता.

"व्हय म्हाराजा," पेद्रू म्हणाला. मग पुढची रांग, मग मागची, मग देवबागवाले. शेवटचा व्हय भाईंचा आला. तो त्यांनी दिला की तोंडातून निसटला, हे सांगता येत नाही. पण देवासमोर ठरलं ते ठरलं. तांडेलांनी नारळ दर्यात सोडला. मथुरा दुकानाकडे परत गेली, कारण फडक्याखालचं खाजं तेवढ्यात कोणीतरी कमी केलं होतं.

भाई पाटकर अध्यक्ष राहिले. गाऱ्हाण्यात मंजूर झालेली अपात्रता घटनेच्या कोणत्या कलमात बसते हे त्यांनी पुष्कळ दिवस शोधलं, ती कुठेच बसेना. दुसऱ्या वर्षीच्या हस्तपत्रकावर मात्र त्यांनी स्वतःच छापून घेतलं, 'गाऱ्हाणे: श्री. बाबली खोबरेकर, ध्वनिक्षेपकासह.' बाबली दोन दिवस आधीच भाईंच्या घरी जाऊन, माइक कुठे लावणार, किती उंच लावणार, याची चौकशी करून आला. भोंगा नसेल तर माझ्या आवाजाचा काय उपयोग, असं तो आता चारचौघांत म्हणू लागला आहे, आणि जणू ही युक्ती त्याचीच होती अशा थाटात म्हणतो.

त्या वर्षीही गाऱ्हाणं दणक्यात झालं. बाबली एकेक मागणं करत शेवटी त्या जागेवर आला. सगळ्या बंदराने कान टवकारले. बाबलीने माडाकडे पाहिलं. मथुरेने यंदा खाज्याचं दुकान बरोबर भोंग्याखाली मांडलं होतं. बाबली काहीच बोलला नाही. नुसता थांबला.

"व्हय म्हाराजा," बंदर म्हणालं.